पिंपल्समुळे मुलं मान वर करत नाहीत, शिक्षक-पालकांनी नेमकं काय करावं?

वर्गशिक्षिका_अकरावी

नमस्कार मंडळी. ज्युनियर कॉलेजच्या पालकसभेत वाटण्यासाठी मुरुमांवर एक टिपण करायचं आहे. कोणता फेसवॉश चांगला यावर ढिगाने मजकूर मिळतो, तो नकोय. मला हवंय ते मुलांच्या मनाबद्दल आणि वर्गातल्या वागण्याबद्दल. "या वयात सगळ्यांनाच येतात" असं म्हणून सोडून द्यायचं आणि "या मुलाला मदत लागेल" असं समजायचं, यातली रेषा कुठे असते? शिक्षकाने स्वतःहून विषय काढावा का, आणि काढला तर कोणत्या शब्दांत? उपचार सुरू असूनही मुलं महिन्याभरात खचतात ती का? आणि मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनोइन या गोळीने नैराश्य येतं असं पालक म्हणतात, त्यात तथ्य किती? ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

समुपदेशन_कक्ष

मॅडम, टिपणात सगळ्यात वर हे लिहा: पुटकुळ्या किती आहेत यावरून त्रास किती आहे हे ठरत नाही. गालभर गाठी असलेला मुलगा कबड्डीच्या मैदानात बिनधास्त असू शकतो, आणि हनुवटीवर चार पुटकुळ्या असलेली मुलगी घराबाहेर पडणं सोडू शकते. "थोडेसे तर आहेत, एवढं काय" हे माप लावलं की आपण नेमक्या त्याच मुलीला हातचं घालवतो.

त्वचारोगाच्या अभ्यासात यासाठी कार्डिफ अॅक्ने डिसेबिलिटी इंडेक्स नावाची छोटी प्रश्नावली वापरतात. पाच प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १५. पुरळ किती हे मोजणारं कोणी त्यात नसतं, सगळं मुलाच्याच तोंडून येतं. गेल्या महिन्यात मुरुमांमुळे चिडचिड किंवा लाज किती वाटली, मित्रमंडळींत जाणं-येणं अडलं का, छाती-पाठीवर असतील तर चारचौघांत कपडे बदलणं टाळलं का, त्वचेकडे बघून कसं वाटतं, आणि आत्ता हा त्रास किती मोठा वाटतो. हा कागद वर्गात वाटू नका. एकट्याशी बोलताना यातले दोन प्रश्न सहज विचारता आले तरी पुष्कळ कळतं.

रेषा वागण्यात शोधा. पहिल्या बाकावर बसणारी मुलगी भिंतीकडेच्या बाकावर सरकते, आणि तिथेही ज्या गालावर जास्त पुरळ आहे तोच गाल भिंतीकडे ठेवते. केस एका बाजूने पुढे ओढलेले असतात. पुण्या-नाशकात स्कूटरवर स्कार्फ बांधणं रोजचंच आहे, पण वर्गात येऊनही तो सुटत नसेल तर लक्ष द्या. लेखी परीक्षा नीट देणारा मुलगा व्हायव्हाला गैरहजर राहतो, कारण तिथे परीक्षक हातभर अंतरावर समोर बसतो. डबा खायला मुलांचा घोळका बसतो तेव्हा हा पाणी प्यायला गेलेला असतो. यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, किंवा आवडीची गोष्ट (मैदान, गॅदरिंग, गाण्याची तालीम) सोडून दिली, तर त्या मुलाला मदत हवी आहे. मग पुटकुळी एक असो नाहीतर पन्नास.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. दिवसातला तासाहून जास्त वेळ आरशात, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात किंवा "मी किती विद्रूप" या विचारात जात असेल, आणि इतरांना जवळजवळ काहीच दिसत नसेल, तर तो स्वतःच्या रूपाबद्दलच्या भ्रामक चिंतेचा आजार असू शकतो. तिथे क्रीम बदलून काही होत नाही, मनोविकारतज्ज्ञाकडेच पाठवावं लागतं. दुसरी खूण म्हणजे चेहऱ्यावर पुरळ कमी आणि खपल्या जास्त. म्हणजे हात थांबत नाहीयेत. अशा मुलाला "फोडू नकोस" म्हणून ओरडलं की तो तेच दार लावून करतो. नखं कापून ठेवणं, बाथरूममधला प्रखर दिवा काढून साधा लावणं, अभ्यासाला बसताना हाताला काहीतरी देणं (चेंडू, रबर), आणि फुगलेल्या पुटकुळीवर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषून घेणारी) छोटी चकती चिकटवणं याने फरक पडतो. चकती असली की बोट तिथे जाऊन थांबतं.

आता शब्द. शिक्षकाने स्वतःहून चेहऱ्याचा विषय काढू नये. जे वागणं बदललंय त्याबद्दल बोला. "दोन आठवडे तू प्रॅक्टिकलला दिसला नाहीस. काही अडतंय का? बोलावंसं वाटलं तर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी लायब्ररीत आहे." दिवस आणि जागा ठरवून सांगा. "कधीही ये" म्हटलं की कोणी येत नाही. समोरासमोर खुर्च्या मांडू नका, शेजारी बसा किंवा कॉरिडॉरमधून चालता चालता बोला. आपली नजर त्याच्या गालावर गेली की त्याला ती क्षणात कळते.

त्याने स्वतः पिंपल्सचं नाव काढलं तर एकच प्रश्न विचारा: "यामुळे कोणती गोष्ट करायची सोडलीस?" उत्तर मिळालं की पुढचं काम हाती येतं, आणि आपला त्रास कोणीतरी खरा मानला हे त्यालाही कळतं. "आमच्या वेळीही यायचे", "लग्नापर्यंत जातील", "मनाचं सौंदर्य महत्त्वाचं" ही वाक्यं चांगल्या मनाने बोलली जातात, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ "पुरे आता" असा लागतो.

त्वचा_ओपीडी

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. महिनाभरात मुलं का खचतात, त्यावर लिहितो.

मुरूम ही अस्वच्छता नाही, हे आधी मुलाला आणि त्याच्या आईला एकत्र बसवून सांगावं लागतं. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाचं तोंड मृत पेशींनी बुजतं, आत क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस हे जिवाणू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो, छिद्रात अडकलेलं द्रव्य हवा लागून काळं पडतं. हे न कळल्यामुळे मुलं दिवसातून सात-आठ वेळा चेहरा घासतात, त्वचा सोलपटते, औषध झोंबायला लागतं आणि "मला काही लागूच पडत नाही" असं मनाशी ठरवून मोकळी होतात. दोनदा सौम्य फेसवॉश पुरे.

आज जी पुटकुळी दिसते तिची सुरुवात साधारण आठ आठवड्यांपूर्वी त्वचेच्या आत झालेली असते. म्हणून आज लावलेलं औषध पुढे दोन महिन्यांनी दिसणाऱ्या पुटकुळ्या अडवतं, आत्ताच्या नाही. ६ ते ८ आठवड्यांनी थोडा फरक, १२ आठवड्यांनी नीट दिसणारा फरक, हा हिशेब पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख घालून द्यावा. त्यात भर म्हणजे अॅडापलीनसारख्या रेटिनॉइडने (बुजलेली छिद्रं मोकळी करणाऱ्या मलमाने) दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पुरळ थोडं वाढल्यासारखं वाटतं आणि त्वचा सुकते. नेमकं याच काळात औषध सोडलं जातं, आणि याच काळात मनही सगळ्यात खाली असतं.

हे टाळता येतं. अॅडापलीन ०.१ टक्के जेल रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. ठिपक्या-ठिपक्यांनी पुटकुळीवर लावायचं नाही, सगळीकडे पातळ पसरायचं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग जेल, मग पुन्हा मॉइश्चरायझर. बेंझॉइल पेरॉक्साइड (जिवाणू मारणारं मलम) २.५ टक्के सकाळी. १० टक्के घेतल्याने गुण तेवढा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ते कापडाचा रंग उडवतं, म्हणून पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरायला सांगा. गणवेशाच्या कॉलरवर पिवळट डाग पडला की वर्गात चिडवायला नवं निमित्त मिळतं. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी दिली असेल तर पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. तीही तीन-चार महिन्यांहून जास्त ओढायची नसते.

मनासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते फोटोचं वेळापत्रक. रोजचा आरसा प्रगती दाखवत नाही. चार आठवड्यांतून एकदा, सकाळी, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो. मध्ये एकही नाही. बाराव्या आठवड्याला पहिल्याशी तुलना. मुलगा "काहीच फरक नाही" म्हणत असतो आणि फोटोत कपाळ निम्मं साफ झालेलं असतं.

आणि गाठ, डाग, खड्डा हे तीन शब्द वेगळे करून शिकवा. गाठ म्हणजे चालू आजार. डाग म्हणजे सूज गेल्यावर राहिलेला काळपटपणा. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तो महिनोन्‌महिने टिकतो, पण फिका होत जातो, सनस्क्रीनने (एसपीएफ ३० किंवा जास्त) लवकर. खड्डा म्हणजे कायमचा व्रण. त्याचे उपचार वेगळे आणि पुरळ शांत झाल्यावरच करायचे. मुलं डागही पिंपल म्हणून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबात आजार कधी कमीच होत नाही. बोट ठेवून "ही गाठ, हे चार डाग" असं मोजून दाखवलं की चेहऱ्यावरचा ताण तिथल्या तिथे उतरतो.

दुखणाऱ्या खोल गाठी, खड्डे पडायला लागलेत, किंवा वागणं वर लिहिल्यासारखं बदललंय, तर १२ आठवडे वाट बघू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे. खड्डे पडू न देणं सोपं असतं, पडल्यावर भरणं अवघड आणि खर्चिक.

फार्मसी_काउंटर

एक धोका इथे यायलाच हवा. मुलं लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता मेडिकलमध्ये "गोरं व्हायची, डाग जायची क्रीम" मागतात, किंवा मैत्रिणीची ट्यूब वापरतात. त्यातल्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ट्यूबच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं कोणतंही नाव दिसलं, त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन (रंग उजळवणारं द्रव्य) आणि ट्रेटिनोइन (रेटिनॉइड) असलं, तर ती मुरुमांची क्रीम नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत.

फसगत कशी होते ते पालकांना सांगा. पहिल्या आठवड्यात लाली जाते, चेहरा उजळतो, घरचे कौतुक करतात. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ, लालसर, उन्हात भाजल्यासारखी होते, गालावर लव वाढते आणि एकसारख्या आकाराचे बारीक दाणे उठतात. क्रीम थांबवली की दोन दिवसांत सगळं उसळून येतं. मुलीला वाटतं, आपला खरा चेहरा हाच. मग ती ट्यूबशिवाय बाहेर पडत नाही. हे व्यसनासारखंच आहे, आणि त्यात तिचा दोष नाही. अशी ट्यूब सापडली तर कचऱ्यात फेकून बोलणी देऊ नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ती कशी सोडायची ते ठरवून देतात.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि मागे राहणारा डाग मूळ पुटकुळीपेक्षा जास्त टिकतो. जिमला जाणाऱ्या मुलाच्या छाती-पाठीवर अचानक पुरळ उठलं तर व्हे प्रोटीन आणि कोणी शरीर कमावण्याचं इंजेक्शन दिलंय का, हे न चिडता विचारा. चिडलात तर खरं उत्तर येणार नाही.

वर्गशिक्षिका_अकरावी

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या: घरच्यांची बोलणी, आणि गोळीचा प्रश्न. मुलगे तर काही बोलतच नाहीत, त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं?

समुपदेशन_कक्ष

घरची बोलणी बहुधा ताटावरून सुरू होतात. "वडापाव खाल्लास म्हणून", "अंगात उष्णता आहे", "पोट साफ नसेल". अभ्यासांत थोडाफार संबंध दिसलाय तो साखर-मैद्यासारख्या रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या पदार्थांचा आणि दुधाचा. तळलेल्या वड्याने मुरूम येतात याला भक्कम आधार नाही. पण मुद्दा आहाराचा कमी आणि आरोपाचा जास्त आहे. प्रत्येक घासाला टोकलं की मूल जेवायलाच एकटं बसायला लागतं. घरात एक साधा नियम करा: चेहऱ्याबद्दल फक्त त्याने विषय काढला तरच बोलायचं, आणि औषधाची आठवण दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी.

पाहुण्यांसाठी वाक्य आधीच ठरवून ठेवा. मावशी-आत्या दारातच "अगं, हे काय झालं तोंडाला?" म्हणणार. आईने तिथल्या तिथे, मुलीच्या देखत म्हणावं: "डॉक्टरांचं चालू आहे. तुमचा प्रवास कसा झाला?" मागून समजूत काढण्यापेक्षा समोर घेतलेली बाजू मुलीला कित्येक पट जास्त धीर देते. "पुढे स्थळं बघताना अडचण येईल" हे वाक्य तर सतरा वर्षांच्या मुलीसमोर कोणी उच्चारूच नये. आजीने म्हटलं तरी थांबवा.

मुलग्यांचं वेगळं. क्रीम लावली तर "बायकी" म्हणून चिडवतील ही भीती त्यांना पुटकुळीपेक्षा मोठी असते. त्यांच्याशी बोलायला खेळाचे शिक्षक योग्य. हेल्मेटच्या पट्ट्याने, घामाने आणि पाठीवरच्या बॅगेने घर्षण होऊन पुरळ वाढतं, इथून सुरुवात केली की विषय मैदानातला होतो. वर्गात टोपणनाव ("चंद्र", "खड्डे") पडलं असेल तर संपूर्ण वर्गाला भाषण नको, सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच्याकडेच वळतात. नाव पाडणाऱ्या एक-दोघांना वेगळं बोलावून त्याच दिवशी बंद करायला लावा, आणि आठवड्याने पुन्हा विचारा.

"जगून काय उपयोग" असं काही कानावर आलं, वहीत दिसलं, किंवा मूल अचानक आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर सरळ विचारा: "स्वतःला संपवावं असे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या, कीटकनाशक कुलपात, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ किंवा जिल्हा रुग्णालय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. एवढं गंभीर नसेल पण बोलायला कोणी हवं असेल, तर सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची "मैत्री" क्लिनिकं आहेत.

त्वचा_ओपीडी

गोळीबद्दल. आयसोट्रेटिनोइन खोल गाठी आणि खड्डे पडणाऱ्या मुरुमांसाठी आहे आणि तिथे तिच्याइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही. मात्रा वजनावर, साधारण किलोमागे रोज ०.५ ते १ मिलिग्रॅम, जेवणानंतर (थोडं तूप-तेल पोटात असलं की नीट शोषली जाते), पाच-सहा महिने किंवा जास्त. ओठ फुटतात, डोळे कोरडे होतात, रक्तातली चरबी आणि यकृताची तपासणी लागते.

नैराश्याबद्दल: मोठ्या गटांचे अभ्यास एकत्र पाहिले तर गोळी घेणाऱ्यांत नैराश्य वाढलेलं दिसत नाही, चेहरा साफ होत गेला की अनेकांचं मन हलकंच होतं. पण एखाद्याचा मूड गोळीने बिघडू शकतो, म्हणून इशारा छापलेला असतो आणि तो गंभीरपणे घ्यायचा. आधी कधी नैराश्य आलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, लपवू नका. सुरू केल्यावर घरातल्या एकाच माणसाने, दर रविवारी, त्याच तीन गोष्टींची विचारपूस करावी: झोप कशी आहे, चिडचिड वाढली का, काही करावंसं वाटतं का. बदल दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट संकोचापायी राहून जाते आणि ती राहता कामा नये. या गोळीने गर्भात गंभीर व्यंग येतं. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. हे बोलणं डॉक्टरांनी मुलीशी काही मिनिटं एकटीनेच करायला हवं. आई बाहेर थांबली तर तो अविश्वास नसतो. आयसोट्रेटिनोइन आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र कधीच नाही, डोक्यातला दाब वाढून तीव्र डोकेदुखी आणि दृष्टीचा त्रास होऊ शकतो. उरलेली गोळी मैत्रिणीला द्यायची नाही. गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदानही नाही, कॉलेजच्या शिबिरात हे मुलांना माहीत नसतं.

पाळी येऊ लागून तीन वर्षं झाली तरी ३५ दिवसांहून लांबतेय, हनुवटीवर जाड केस आहेत, तर पीसीओएसची (संप्रेरकांचं संतुलन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या विकाराची) तपासणी करून घ्या. नुसती क्रीम बदलत बसलात तर पुरळ परत परत येतं आणि मुलगी स्वतःलाच दोष देत राहते.

वर्गशिक्षिका_अकरावी

शेवटचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात ओळखपत्राचे फोटो आहेत. त्या दिवशी दरवर्षी गैरहजेरी वाढते.

समुपदेशन_कक्ष

फोटोची तारीख आठवडाभर आधी सांगा आणि दुसरी तारीखही त्याच सूचनेत द्या, कारण न विचारता. डोक्यावरचा ट्यूबलाइट पुरळाच्या सावल्या गडद करतो, म्हणून खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवा, उजेड समोरून येऊ द्या. पडद्याआड एकेकाला आत घ्या, बाकीची रांग बाहेर. दोन फोटो काढून कोणता ठेवायचा ते त्यालाच निवडू द्या. फिल्टर लावून गुळगुळीत करायची लालूच फोटोवाल्याला होते, ती थांबवा. पुढचं वर्षभर गळ्यातला फोटो एक आणि चेहरा दुसरा असं घेऊन ते मूल फिरतं. आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जवळून काढलेले फोटो टाकायचे नाहीत, हे त्याच सूचनेत लिहून टाका.